आरव्हीच्या टपावर इंटरनेट: पहिल्यांदा सॅटेलाइट डिश लावणाऱ्यांसाठी

आरव्ही, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेतली किंवा भाड्याने ठरवली की इकडे कॅलिफोर्नियाच्या बे एरियातली आपली मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो बाथरूमचा आणि दुसरा नेटचा. बाथरूमचं परत कधीतरी, तो विषय जेवायच्या वेळी कुणी वाचत असेल तर पंचाईत. आज नेटचं सांगते.

मी काही इलेक्ट्रिशियन नाही, सॉफ्टवेअरवाली आहे, पण आमच्या २४ फुटी सेकंडहँड क्लास सी (म्हणजे मध्यम आकाराच्या) आरव्हीत वायरिंगचं सगळं माझ्याकडे आणि ड्रायव्हिंग नवऱ्याकडे अशी वाटणी झालीये, आणि या वायरिंगच्या नादात मी इतक्या वेळा तोंडघशी पडलेय की आता निदान काय करू नये ते तरी नक्की सांगू शकते. आधीच एक सांगून टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांनी एवढं तरी घेऊन जा: कुठली डिश घेऊ, कुठली डिश घेऊ म्हणून सगळे महिनाभर व्हिडिओ बघत बसतात, पण पुढे जो त्रास होतो तो डिशमुळे होत नाही, झाडांमुळे होतो आणि बारीक वायरमुळे होतो. म्हणून डिशचं पटकन उरकते आणि या दोन गोष्टींवर जरा निवांत बोलते.

मुळात सॅटेलाइटच कशाला

शहरात आणि मोठ्या हायवेवर फोनचा हॉटस्पॉट पुरतो, त्यासाठी डिश घेऊ नका. पण नेवाडातला हायवे ५० घ्या, ज्याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हणतात, किंवा सिएरा डोंगररांगेच्या पूर्वेचा हायवे ३९५ सोडून जरा आत कच्च्या रस्त्याला लागा, की फोनवर रेंजची एक काडी पण राहत नाही. तिथे डिशच.

जुनं सॅटेलाइट नेट ज्यांनी वापरलंय ते म्हणतील की त्यावर व्हिडिओ कॉल म्हणजे चेष्टा असते. बरोबर आहे, कारण ते उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी उभे असल्यासारखे असतात, तुमचा आवाज वर जाऊन खाली येऊन उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाच्या वर जातो, मग दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम गप्प होतात. स्टारलिंक या नव्या सॅटेलाइट नेटचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे हा उशीर २५ ते ६० मिलिसेकंदांवर येतो आणि घरच्या नेटसारखंच वाटतं. पण खाली आहेत म्हणूनच ते एका जागी थांबत नाहीत, तासाला २७,००० किलोमीटरच्या आसपास वेगाने डोक्यावरून पळत असतात, आणि डिश एकाला सोडून दुसऱ्याला पकडत राहते. हे लक्षात ठेवा, झाडांचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पहिली पायरी: डिश आणि प्लॅन

नवीन माणसासाठी माझं मत सरळ आहे, स्टारलिंकची छोटी डिश, मिनी, घ्या. एफोर कागदाएवढी लांब, त्याहून जरा रुंद, सव्वा किलोच्या आत वजन, वायफाय राउटर आतच, आणि सगळ्यात मोठं म्हणजे सरासरी २५ ते ४० वॅट खाते. माझी आई पहिल्यांदा बघून म्हणाली, हा तर देवापुढचा पाट आहे गं, तेव्हापासून आमच्या घरी डिशचं नाव पाट. 'पाट आत घेतला का' असं आम्ही ओरडतो आणि शेजारचे कॅम्पवाले बघत बसतात.

मोठी स्टँडर्ड डिश जरा जास्त वेग देते पण ७५ ते १०० वॅट खाते, आणि तिचा राउटर वेगळा, म्हणजे सामान वाढलं. कॅम्पग्राउंडला विजेचं हुकअप, म्हणजे साइटवरचं वीज कनेक्शन, घेऊनच राहणार असाल आणि पाच-सहा जणांचं कुटुंब असेल तर ती ठीक. जुनी मोटरवाली डिश, जी आपोआप वळते, ती कुणी स्वस्तात देत असेल तर उभ्या गाडीसाठी घ्यायला हरकत नाही, पण चालत्या गाडीवर ती लावायची नाही, मोटर वाऱ्याने मोडते. त्याहून मोठी सपाट हाय परफॉर्मन्स डिश बस आणि फायर ट्रकवाल्यांसाठी आहे, तिचा विचार सोडून द्या.

प्लॅन रोम नावाचाच घ्यायचा. काही जण घरच्या पत्त्यावरचा प्लॅन घेऊन डिश गाडीत टाकतात आणि मग चालत नाही म्हणून बोंबलतात, तो प्लॅन त्या पत्त्यालाच बांधलेला असतो. २०२२ च्या मे महिन्यात आरव्हीवाल्यांसाठी वेगळी सेवा सुरू झाली, तीच पुढे रोम झाली. त्यात एक मोजक्या जीबीचा आणि एक अनलिमिटेड असे प्रकार असतात, किमती सारख्या बदलतात म्हणून ॲपमध्येच बघा. हिशोबाला सांगते: एचडी पिक्चर तासाला ३ जीबीपर्यंत खातो, ऑफिसचा व्हिडिओ कॉल साधारण १ ते २.५ जीबी. म्हणजे महिन्यातून दोन वीकेंडवाल्यांना मोजका प्लॅन भरपूर झाला, पण मुलांना मागच्या सीटवर कार्टून लावून देणार असाल तर १०० जीबी कुठे गेले कळणार नाही. पूर्वी वापर नसेल तेव्हा फुकट पॉज करता यायचं, २०२५ च्या ऑगस्टपासून त्याजागी महिन्याला ५ डॉलरचा स्टँडबाय आला. हिवाळ्यात गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी तो टाकायचा.

अजून एक गंमत, ही कुणी आधी सांगत नाही. गर्दीच्या भागात रोमवाल्यांना घरगुती प्लॅनवाल्यांच्या नंतर नंबर लागतो, आणि गर्दीची वेळ म्हणजे संध्याकाळी सात ते दहा. आता कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात रात्रीचे आठ म्हणजे भारतात सकाळचे साडेआठ, म्हणजे आपली घरी फोन करायची नेमकी वेळ. आईचं तोंड चौकोनी तुकड्यांत दिसायला लागलं की डिश बिघडली असं समजू नका. व्हिडिओ बंद करून नुसतं बोला, किंवा सकाळी लवकर उठून त्यांच्या संध्याकाळी फोन करा.

दुसरी पायरी: घराच्या ड्राइव्हवेमध्ये सगळं एकदा लावून बघा

ही पायरी सगळे गाळतात. बॉक्स सीलबंद तसाच गाडीत टाकून निघतात आणि रात्री नऊ वाजता अंधारात टॉर्च तोंडात धरून मॅन्युअल वाचतात. असं करू नका. डिश नवीन असते तेव्हा पहिल्यांदा सुरू झाल्यावर सॉफ्टवेअर अपडेट घेते, स्वतःच एकदोनदा बंद चालू होते, वीस मिनिटं अर्धा तास धरून चाला. अकाउंट, कार्डचं पेमेंट, ॲप हे सगळं घरच्या वायफायवर उरकून घ्यायचं, कारण जंगलात नेट सुरू करायला नेट लागतं ही फजिती फार वाईट.

आणि एक युक्ती: डिशच्या वायफायला घरच्याच वायफायचं नाव आणि तोच पासवर्ड द्या. मुलांचे टॅबलेट, बाबांचा फोन, तुमचा ऑफिसचा लॅपटॉप सगळे आपोआप जोडले जातात, कुणाला काही सांगायला लागत नाही. आमचे बाबा तर अजून समजतात की घरचं नेट गाडीबरोबर येतं. मी पण काही बोलत नाही.

तिसरी पायरी, आणि खरी पायरी: आभाळ बघायला शिका

डिशला वर एक मोठा उलटा शंकू मोकळा लागतो, मिनीचा ११० अंशांचा आहे. म्हणजे डिश सपाट ठेवली तर सरळ वरपासून चारी बाजूंना ५५ अंश, आणि उलटं मोजायचं तर क्षितिजापासून ३५ अंशांच्या वर काही यायला नको. आता ३५ अंश कसे मोजायचे? हात ताठ लांब करा, मूठ वळा, एक मूठ साधारण १० अंश धरते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, वर अर्धी. या साडेतीन मुठींच्या वर झाडाचा शेंडा दिसला तर तो आड येणार. मी गाडीतून उतरल्या उतरल्या आधी हेच करते, गोल फिरून मुठी मोजते, नवरा म्हणतो लोकांना वाटेल तू सूर्यनमस्कार विसरलीस.

दुसरा हिशोब अंतराचा: झाड जेवढं उंच त्याच्या दीडपट अंतरावर डिश हवी. वीस मीटरचं पाइन असेल तर तीस मीटर. म्हणजे बहुतेक झाडीवाल्या कॅम्पसाइटवर डिश गाडीच्या टपावर चालणारच नाही, ती उचलून मोकळ्यात न्यायला लागेल. म्हणूनच मी टपावर कायमची बसवायच्या विरोधात आहे, पण त्याचं पुढे.

ॲपमध्ये अडथळे तपासायची सोय आहे, फोनचा कॅमेरा आभाळाकडे धरून गोल फिरवायचा, मग ते सांगतं की इथे किती अडेल. गाडी लावायच्या आधी करा, लावून लेव्हल करून चहा ठेवल्यावर नाही. आणि अमेरिका-कॅनडात उत्तरेची बाजू जास्त महत्त्वाची, बरेचसे उपग्रह ५३ अंशांपर्यंतच्या कक्षेत आहेत म्हणून त्या पट्ट्यात दाटी जास्त, डिश उत्तरेकडे जरा कललेली असली की खूश असते. ॲप स्वतःच सांगतं किती वळवा किती कलवा. दक्षिणेला झाड असलेली साइट आणि उत्तरेला झाड असलेली साइट यात निवडायचं असेल तर डोळे झाकून पहिली घ्या. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या वेबसाइटवर बऱ्याच साइटचे फोटो असतात, बुकिंग करताना बाथरूम किती लांब आहे त्याबरोबर झाडं कुठल्या बाजूला आहेत ते पण बघून ठेवा.

आता एक फांदी आड आली तर काय होतं ते सांगते, कारण इथेच लोक फसतात. डिश दर १५ सेकंदांनी कुठला उपग्रह वापरायचा ते ठरवत असते. उपग्रह फांदीमागे गेला की नेट चार-पाच सेकंद जातं आणि परत येतं. पिक्चर बघताना हे कळतच नाही कारण पुढचं आधीच उतरलेलं असतं, आणि स्पीड टेस्ट केली तर मस्त शंभर-दीडशे दाखवते, म्हणून माणूस म्हणतो वा काय चाललंय नेट, आणि सकाळी नऊच्या ऑफिस कॉलमध्ये दर दोन मिनिटांनी पुतळा होतो. त्यामुळे स्पीड टेस्टवर विश्वास ठेवू नका. ॲपमध्ये अडथळ्यांचा नकाशा असतो, तो नीट भरायला काही तास लागतात, त्यात लाल डाग कुठे पडतोय ते बघा आणि डिश दोन-तीन मीटर सरकवा. कधीकधी एवढ्यानेच काम होतं.

हम्बोल्टच्या बाजूला रेडवुडच्या जंगलात गेलात तर मात्र सरळ हात टेका. तिथली झाडं शंभर मीटरच्या वर जातात, आभाळ म्हणजे मध्ये एक फट. आम्ही तिथे बांबूला बांधून, गाडीवर स्टूल ठेवून सगळे प्रकार केले, शेवटी नवरा म्हणाला आलो कशाला आपण, झाडं बघायला ना, मग बघ. याउलट कॅलिफोर्नियातल्याच अलाबामा हिल्ससारखं उघडंबोडकं वाळवंट, व्हिटनी शिखर समोर आणि डिश जमिनीवर फेकून दिली तरी चालते.

चौथी पायरी: वीज

इथे मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय म्हणून जरा सविस्तर.

आधी बॅटरी किती पुरेल ते काढा. १०० ॲम्प-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॅट-अवर. मिनी सरासरी ३० वॅट धरली तर कागदावर चाळीस तासांच्या वर, पण त्याच बॅटरीवर पाण्याचा पंप, दिवे, फ्रिजचं कंट्रोल हे पण आहे, तर दीड दिवस धरा आणि त्यातही घासाघीस होईल. जुनी लेड-ॲसिड असेल तर तिच्यातली निम्मीच वापरायची असते, म्हणजे आकडा अर्ध्यावर आणा. स्टँडर्ड डिश इन्व्हर्टरवर चालवली की इन्व्हर्टरचं नुकसान धरून १०० वॅटच्या आसपास जातात, तीच लिथियम बारा-तेरा तासांत आडवी. हुकअपशिवाय राहणाऱ्यांना मी मिनीच का म्हणते ते आता कळलं असेल. रात्री झोपताना बंद करा, ॲपमध्ये वेळ लावून ठेवता येते, तेवढेच सात-आठ तास वाचतात.

मिनी १२ ते ४८ व्होल्ट डीसीवर चालते, म्हणजे इन्व्हर्टर लागतच नाही, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून सरळ. ऐकायला छान आहे. मी पण तेच केलं, ऑनलाइन स्वस्तातली १५ मीटरची बारीक केबल आणली, लायटरला जोडली, दिवा लागला, नेट आलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कॉलवर मी काहीतरी महत्त्वाचं समजावून सांगतेय आणि आईने मागे भांडी घासायला नळ सोडला. पाण्याचा पंप घरघरला आणि माझं नेट गेलं. परत येऊन पाच मिनिटं झाली, परत नळ, परत गेलं. मी डिशला शिव्या घालतेय, आई म्हणतेय मी काय केलं.

तिने काही केलं नव्हतं, वायरने केलं होतं. हिशोब बघा: १६ गेजची वायर (गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी वायर बारीक), एका मीटरला साधारण १३ मिलिओहम. पंधरा मीटर जायची आणि पंधरा यायची मिळून तीस मीटर, म्हणजे ०.४ ओहम. डिश सुरू होताना ६० वॅटपर्यंत ओढते, १२ व्होल्टवर ५ ॲम्प. पाच गुणिले ०.४ म्हणजे २ व्होल्ट वायरमध्येच खलास. बॅटरी १२.२ असेल तर डिशपर्यंत १०.२ पोचले, तिला हवेत किमान १२. एरवी ३० वॅटवर ती कशीबशी तग धरून होती आणि पंपाने बॅटरी जरा खाली ओढली की पडत होती.

उपाय तीन आहेत. केबल छोटी ठेवा, पाच मीटरच्या आत. किंवा जाड घ्या, १२ गेज. किंवा मी केलं तसं, बॅटरीजवळ एक छोटा बूस्ट कन्व्हर्टर बसवा जो १२ चे २४ व्होल्ट करतो, मग तेवढ्याच वॅटला ॲम्प निम्मे लागतात, वायरमध्ये जाणारे व्होल्ट निम्मे होतात आणि २४ मधून एखादा व्होल्ट गेला तरी डिशला फरक पडत नाही. कन्व्हर्टर घेताना १०० वॅटच्या आसपास क्षमतेचा घ्या, अगदी काठावरचा नको. आणि बॅटरीवरून थेट लाइन ओढलीत तर फ्यूज बॅटरीच्या बाजूला लावायचा, डिशच्या बाजूला नाही. वायर मध्येच कुठे पत्र्यावर घासून सोलली तर बॅटरीजवळचा फ्यूजच गाडी जळण्यापासून वाचवतो. १६ गेजला १० ॲम्पचा फ्यूज ठीक आहे. यातलं काही कळत नसेल तर जाणत्या माणसाकडून करून घ्या, यात लाज नाही.

साध्या गाडीत, म्हणजे सिएना, आरएव्ही४ वगैरेत, दोन गोष्टी. एक, पुष्कळ गाड्यांचं लायटर सॉकेट इंजिन बंद केलं की बंद होतं. दोन, जे बंद होत नाही ते आणखी वाईट, कारण रात्रभर डिश चालू राहिली तर सकाळी गाडी चालू होणार नाही, आणि जिथे फोनला रेंज नाही तिथे जंप स्टार्ट कुणाकडे मागणार. त्यापेक्षा वेगळा पॉवर बँक वापरा. मिनीला यूएसबी-सी ची केबल मिळते पण बँक १०० वॅटची, २० व्होल्ट ५ ॲम्प देणारी हवी, फोनचा चार्जर लावून काही होणार नाही. २७,००० एमएएचचा बँक म्हणजे साधारण १०० वॅट-अवर, तीन तास गेले समजा.

डिश बसवायची कुठे

भाड्याची आरव्ही असेल तर हा प्रश्नच नाही, टपाला भोक पाडायचं नाही, चिकटवायचं पण नाही, डिपॉझिट जाईल. डिशबरोबर जो किकस्टँड येतो त्यावर पिकनिक टेबलवर किंवा मोकळ्या जमिनीवर ठेवा, केबल खिडकीच्या रबरातून आत घ्या. वारा असेल तर पाय दोरीने बांधून दोरीला पाण्याचा कॅन अडकवा. मुलं आणि कुत्री केबलला अडखळतात म्हणून केबलवर एखादी जुनी पायपुसणी टाका, आम्ही टाकतो.

स्वतःची गाडी असेल तरी पहिला सीझन असाच काढा, मग ठरवा. बसवायचीच असेल तर आधी फ्रिजवरचं चुंबक घेऊन टपावर चढा. चिकटलं तर पोलादी टप, मोठ्या चुंबकांचा माउंट चालेल. आरव्हीचा टप बहुतेक फायबरग्लास नाहीतर रबराचा असतो, त्यावर चिकटणार नाही, आणि फोर्ड एफ-१५० सारख्या पिकअपची बॉडी २०१५ पासून ॲल्युमिनियमची आहे, तिथेही नाही. रबरी टपाला पेट्रोलियमवाला कुठलाही सीलंट लावू नका, रबर फुगतं. आरव्हीच्या दुकानात टपासाठीचा स्वतःहून पसरणारा सीलंट मिळतो तोच आणा, आणि केबल आत घ्यायची तिथे केबल ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट बसून पाणी अडवणारं बूच, लावा. एकदा टपातून पाणी झिरपायला लागलं की छताचं लाकूड कुजेपर्यंत कळत नाही.

डिश टपाला टेकवून चिकटवू नका, खालून हवा खेळायला दोन बोटं जागा ठेवा. मिनी ५० अंश सेल्सियसपर्यंतचीच आहे आणि ॲरिझोनात जुलैमध्ये टप त्याच्या कितीतरी पुढे जातो, मग ती गरम झाले गरम झाले म्हणून बंद पडते. आणि डिश लावल्यावर गाडीची उंची परत मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छत कुणाचीच वाट बघत नाही.

चालत्या गाडीत वापरायचं तर मिनी सपाट, तोंड वर. छोट्या गाडीत काचेच्या सनरूफखाली आतून सक्शन कपांनी लावलेली पण चालते, वेग थोडा कमी होतो. पण काचेला धातूचा थर असेल तर सिग्नल अडतो, हे लावूनच कळतं. समोरच्या काचेखाली डॅशबोर्डवर बरेच जण ठेवतात, पण ब्रेक लागला की ती तोंडावर येऊ शकते, आणि काच अडवण्याचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत. मी ठेवत नाही.

आतलं वायफाय आणि ऑफिस

मिनीचं वायफाय आरव्हीभर पुरतं, वेगळा राउटर लगेच घेऊ नका. अपवाद एअरस्ट्रीमसारखे ॲल्युमिनियमचे ट्रेलर, तिथे टपावरचं वायफाय आत शिरतच नाही, मग डिशच्या इथरनेट पोर्टातून वायर आत घेऊन आत एक छोटा ट्रॅव्हल राउटर ठेवावा लागतो. त्या पोर्टचं झाकण नीट बसलेलं असेल तरच डिश पाऊस सोसते हे विसरू नका. ऑफिसचं व्हीपीएन सहसा नीट चालतं. महत्त्वाचा कॉल असेल तर फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा, थोडी जरी रेंज असली तरी आवाजापुरतं भागतं.

भारतात घेऊन जाऊ का?

हा प्रश्न दर डिसेंबरला येतो, गावाकडे नेट नाही तर बॅगेत टाकतो की. नाही, नका नेऊ. इथला रोम प्लॅन कॅनडा-मेक्सिकोत चालतो (दोन महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर अकाउंटचा देश बदलायला सांगतात), भारतात चालत नाही. स्टारलिंकला तिकडे २०२५ च्या जूनमध्ये दूरसंचार खात्याचं लायसन्स मिळालं, नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमसारख्या भागांसाठी त्यांच्याबरोबर इरादापत्रावर (लेटर ऑफ इंटेंट) सही पण केली, पण त्याचा तुमच्या अमेरिकन डिशशी काही संबंध नाही. आणि हायकिंगवाल्यांनी बॅगेतलं गार्मिन इनरीच (सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं छोटं यंत्र) पण काढून ठेवा, परवानगीशिवाय सॅटेलाइटवर बोलणारं उपकरण बाळगणं भारतात गुन्हा आहे, २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना त्यावरून अडवलं होतं.

शेवटची पायरी: निघताना

आधी वीज काढायची, मग केबल. केबल कोपरात घट्ट गुंडाळू नका, मोठे वेटोळे घाला, नाहीतर टोकाशी आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. डिश कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून गादीखाली.

आणि एक चिंधी ठेवा. आमच्याकडे आईच्या जुन्या साडीची लाल चिंधी आहे, डिश बाहेर ठेवली की ती स्टिअरिंगला बांधायची आणि डिश आत आल्याशिवाय सोडायची नाही. ही पद्धत एका सकाळी सुरू झाली, जेव्हा नवऱ्याने गाडी काढली, खिडकीतून बाहेर गेलेली केबल ताणली गेली, पिकनिक टेबलवरचा पाट उठून आमच्या मागे खडीवरून खडखडत आला आणि पलीकडच्या साइटवरचे एक आजोबा कॉफीचा मग घेऊन हात हलवत धावत सुटले. डिश चालू आहे अजून. एका कोपऱ्याला टवका उडालाय, आणि बाबा प्रत्येक वेळी निघताना विचारतात, चिंधी बघितलीस का गं.